गॅरेजच्या दाराखालचं रबर: फट, झड आणि उतार

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या गॅरेजच्या दाराला खालचं रबर नवीन बसवून घेतलं. फिटरने अर्ध्या तासात जुनं ओढून काढलं, नवं ओढून घातलं, दोन्ही टोकं कटरने अगदी कडेला धरून कापली, पैसे घेतले आणि गेला. काम दिसायला झकास. आषाढ सरेपर्यंत दोन्ही कोपऱ्यांत अंगठा जाईल एवढी फट पडली. एका कोपऱ्यातून पाणी यायचं, दुसऱ्यातून उंदीर. मी रबराच्या दर्जाला नावं ठेवली, फिटरने पावसाला. दोघंही चुकत होतो, पण ते कळायला मला यंदाचा मे उजाडावा लागला.

त्या निमित्ताने या विषयात बरंच डोकं घातलं. नाशकात गंगापूर रोड, इंदिरानगरकडच्या नव्या बंगल्यांना आता वर सरकून छताला समांतर आडवी होणारी, चार-पाच आडव्या पॅनलची दारं दिसतात. अंबड-सातपूरच्या गाळ्यांना आणि दुकानांना अर्थातच गुंडाळणारी शटरं. दार कुठलंही असो, खालच्या फटीचं दुखणं सारखंच.

आधी हे रबर करतं काय ते बघू. कुकरची रिंग आठवा. भांडं धातूचं, झाकण धातूचं, दोन्ही एकमेकांवर चपखल बसलेली दिसतात. तरी रिंग काढली की वाफ फुर्रकन निघून जाते. दोन कडक पृष्ठभाग कितीही जवळ आणले तरी त्यांच्यात बारीक खड्डे-उंचवटे राहतातच. रिंग दबते, त्या खड्ड्यांत शिरते आणि मुख्य म्हणजे परत फुगायला बघते. हा उलटा रेटाच फट बंद ठेवतो. नुसतं मऊ असून भागत नाही. कणीकसुद्धा मऊ असते, पण दाबली की तशीच राहते.

रिंग जुनी झाली की तिचं कणकेसारखंच होतं. ती चपटी होते आणि चपटीच राहते. मग आई ती फ्रीजरमध्ये टाकून अजून महिनाभर रेटायची. रबराच्या या बसकेपणाला इंजिनिअर मंडळी कॉम्प्रेशन सेट म्हणतात. दाराखालचं रबरही असंच बसतं, आणि महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या दाराचं लवकर बसतं. पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्यांचे इथले बंद बंगले बघा. दार धड, रंग धड, आणि खालचं रबर पापडासारखं.

कुकरशी तुलना इथपर्यंतच. कुकरचं झाकण अडकवून ठेवलेलं असतं आणि भांड्याची कड गुळगुळीत असते. दार मात्र फरशीवर केवळ टेकतं, आणि फरशी कारागिराच्या हातची. म्हणून दाराखालचं रबर बहुधा पोकळ असतं, नळीसारखं किंवा इंग्रजी यू अक्षरासारखं. दार टेकलं की ते साधारण पाव ते तृतीयांश दबावं. त्याहून कमी दबलं तर झड आत येते. जास्त दबलं तर रबर वेळेआधी बसतं आणि मोटरवरही ताण येतो.

पाणी कोण अडवतं?

मी स्वतः इथेच फसलो होतो. रबर वाऱ्यासोबत येणारी झड अडवतं, धूळ अडवतं, गोम, विंचू, पाल आणि उंदीर अडवतं. तुंबलेलं पाणी ते अडवत नाही. दारासमोर दोन बोटं पाणी साचलं की त्याला वजन येतं, ते सतत रेटत राहतं आणि जिथे रबर केसभर उचललेलं असेल तिथून आत येतं. पाणी अडवायचं काम उताराचं.

पुराचा तर प्रश्नच वेगळा. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरी चढली, तेव्हा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं यावरून आपण पूर मोजत होतो. नदीकाठच्या दुकानांत त्या वेळी पाणी शिरलं. तिथे रबर चांगलं होतं की वाईट, याने काडीचा फरक पडला नाही.

नाशिक शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. इगतपुरीत, तासाभराच्या अंतरावर, 3000 च्या वर. म्हणजे शहरातल्या घराला रबर आणि साधा उतार पुरतो. घोटी-इगतपुरीकडच्या घराला नुसत्या रबरावर विसंबून चालत नाही, तिथे दारासमोर जाळीची नाली हवीच. मोसमी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या तोंडाच्या दाराला झड जास्त. वळवाच्या पावसाला दिशा नसते, तो कुठूनही झोडपतो, पण तासाभरात आटोपतो.

उतार म्हणजे दारापासून बाहेरच्या बाजूला, मीटरमागे निदान 1 सेंटिमीटर. बांधताना तो असतो. नंतर जातो, आणि याला दोन कारणं. पहिलं म्हणजे आपली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर नीट भराव न करता पेव्हर ब्लॉक अंथरले असतील तर ते वर-खाली होतात, कुठे फरशीचा कोपरा खचतो. मे महिन्यात मोजलेली फट ऑगस्टमध्ये तेवढीच निघेल याची खात्री नाही. दुसरं कारण रस्ता. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो, रस्ता वर येतो आणि घर आपोआप खाली जातं. आमचं घर 2015 च्या सिंहस्थाच्या आधीचं. तेव्हा फाटकातून रस्त्यावर उतरावं लागायचं, आता चढावं लागतं.

म्हणून रबर आणायला जाण्याआधी बादलीभर पाणी दारासमोर ओता आणि ते कुठे जातं ते बघा. दाराकडे येत असेल तर पैसे आधी गवंड्याला द्या.

फट कशी शोधायची

भर दुपारी गॅरेजमध्ये जा, दार बंद करा, दिवा घालवा. जिथून उजेड येतो तिथून बाकीचं सगळं येतं. घरातल्या उंदराच्या पिल्लाला 6 मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल जाते तिथून तोही जातो. डोकं गेलं की अंग जातं.

उजेड दिसत नाही पण संशय आहे, अशा ठिकाणी वर्तमानपत्राची पट्टी दाराखाली ठेवून दार बंद करायचं आणि पट्टी ओढायची. ती अडखळत, घासत निघाली तर ठीक. अलगद आली तर तिथे रबर नुसतंच टेकलंय, दबलेलं नाही. दर फूटभर अंतरावर हे करून फरशीवर खडूने खुणा केल्या की अख्ख्या दाराचा नकाशा मिळतो. बाजूच्या आणि वरच्या फटींसाठी वारं असलेल्या दिवशी उदबत्ती फिरवा, धूर कुठे हलतो ते दिसेल.

नकाशा वाचायला शिकलं की निदान सोपं होतं. सगळीकडे सारखी फट म्हणजे रबर बसलं. एकाच बाजूला वाढत जाणारी फट म्हणजे दार तिरकं झालंय किंवा फरशी खचली आहे. तिथे नवं रबर घालून काही होत नाही. मधेच एका ठिकाणी फट, तर बहुधा फरशीत खड्डा. आणि फक्त दोन्ही टोकांना फट? ती आमची केस.

फट 10 मिलिमीटरच्या आत असेल तर जाड पोकळ रबर ती भरून काढतं. त्याहून मोठी असेल तर फरशी दुरुस्त करा किंवा फरशीवर चिकटवायची रबरी उंबरठा पट्टी लावा. जुन्या घरांना दगडी उंबरा असायचा, त्याचंच हे नवं रूप. ती पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने बसवतात आणि फरशी खडखडीत कोरडी लागते, म्हणून हे वैशाखातलं काम. दार बंद करून खालच्या कडेने खडूची रेघ मारायची आणि दार पट्टीच्या उंचवट्यावर टेकेल असं बघून चिकटवायची. एक विचार आधीच करा: गाडी आतच धूत असाल तर तो उंबरा ते पाणीही आत अडवून धरेल.

रबर कुठलं घ्यायचं

दुकानात तीन प्रकार समोर येतात आणि तिन्ही काळेच असतात. साधं नैसर्गिक रबर स्वस्त, सुरुवातीला छान मऊ. पण त्याच्या रेणूंच्या साखळीत काही कच्चे सांधे असतात, आणि हवेतला ओझोन नेमका तिथेच चावतो. जुना सायकलचा टायर वाकवला की आडव्या बारीक चिरा उघडतात ना, त्या त्याच. ताणलेल्या रबराला त्या लवकर पडतात आणि ताणाच्या आडव्या दिशेने पडतात.

दुसरं पीव्हीसी. ते मुळात कडक प्लॅस्टिक. त्यात मऊपणासाठी तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. ऊन खाऊन खाऊन तो हळूहळू बाहेर पडतो आणि पट्टी परत मूळ स्वभावावर जाते. पश्चिमेकडे तोंड असलेलं गडद रंगाचं दार एप्रिलच्या दुपारी हाताला चटका देतं. पीव्हीसीचा मऊपणा किती टिकणार याचा अंदाज त्यावरून घ्या.

तिसरं ईपीडीएम, हे एक कृत्रिम रबर. गाडीच्या दाराला आपण जे बीडिंग म्हणतो ते सहसा याचंच असतं. याच्या मुख्य साखळीत ते कच्चे सांधे नाहीत, त्यामुळे ओझोन आणि ऊन त्याला फारसं बाधत नाही. निफाडच्या थंडीत कडक होत नाही, मे महिन्यात लिबलिबीत होत नाही. महाग पडतं, तरी माझं मत सरळ आहे: हेच घ्या. बसवायची मेहनत तिन्हीला सारखीच आहे.

दुकानदार तिन्हीला रबरच म्हणेल. ओळखायला पट्टी बोटांत घट्ट दुमडून अर्धा मिनिट धरा आणि सोडा. ईपीडीएम झटकन सरळ होतं. पीव्हीसीची घडी काही वेळ तशीच राहते आणि नवीन सॅंडलसारखा वास येतो. नाशकात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे छोटे-मोठे कारखाने आहेत, त्यामुळे रबराचे आकार मिळायला अडचण येत नाही. अडचण माप चुकल्याने येते. जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून खिशात टाकून न्या. पॅनलच्या दाराखाली ॲल्युमिनियमची खाचपट्टी असते आणि रबराच्या वरच्या कडा टी अक्षरासारख्या त्या खाचेत सरकतात. टीचा माथा एखाद्या मिलिमीटरने जाड निघाला तर रबर खाचेत जात नाही, बारीक निघाला तर गळून पडतं.

गुंडाळणाऱ्या शटरला बऱ्याचदा ही खाच नसते. तिथे खालच्या लोखंडी पट्टीला सपाट रबर लावून, वरून ॲल्युमिनियमची पट्टी दाबून स्क्रू मारतात. सोपं काम, फक्त भोकं थोडी लांबट ठेवली तर पुढे रबर खाली-वर सरकवता येतं. शटरच्या बाजूच्या गाईडमध्ये रबरापेक्षा नायलॉनचा ब्रश बरा. तो घसरू देतो आणि धूळही धरतो.

निफाडच्या आमच्या मामेभावाने हे सगळं ऐकून विचारलं, कांदाचाळीला लावू का? अजिबात नको. कांद्याला वारा लागतो. चाळ हवाबंद केली तर पंधरा दिवसांत वास सांगेल काय झालं ते.

गॅरेजही पूर्ण हवाबंद नसावंच. दार बंद ठेवून आत गाडी चालू ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस जातो. जुन्या गळक्या दारात जे चुकून निभावलं ते नव्या रबरानंतर निभावेलच असं नाही. गॅसचं जादा सिलिंडर गॅरेजमध्ये ठेवायची सवयही बऱ्याच घरांत आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर फरशीलगत साठतो आणि आजवर दाराखालच्या फटीतूनच बाहेर पडत होता. रबर बदलायचं असेल तर सिलिंडर बाहेर हलवा, आणि भिंतीत जमिनीलगत बारीक जाळीचा झरोका ठेवा. जाळी उंदराला पुरून उरेल अशी.

बदलताना

यंदा मे महिन्यात भाचा आला होता, त्याला हाताशी घेतलं. आधी मोटरचा प्लग काढला. दार कमरेइतकं वर घेऊन दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावले. इथे एक सांगायलाच हवं. या दारांचं वजन वरची स्प्रिंग पेलते आणि खालच्या दोन कोपऱ्यांतल्या ब्रॅकेटना तिची तार बांधलेली असते. रबर काढताना ते ब्रॅकेट आड येतंय असं वाटतं आणि हात पान्याकडे जातो. हात आवरा. त्या तारेत साठलेला जोर हाड मोडू शकतो. स्प्रिंग, तार, ब्रॅकेट या तिघांना माहीतगार माणसाशिवाय कुणी हात लावू नये. शटरच्या ड्रममधल्या स्प्रिंगलाही हेच लागू.

खाचपट्टीची टोकं पक्कडीने चेपलेली होती, ती स्क्रूड्रायव्हरने उघडली. जुनं रबर मधेच तुटलं, तुकड्या-तुकड्याने काढलं. खाचेत वर्षभराची माती, एक मेलेली गोम आणि गंजाचा भुगा निघाला. जुन्या टूथब्रशने खाच घासली, पाण्याने धुतली. नवी गुंडाळी सकाळीच उन्हात सरळ अंथरून ठेवली होती, त्यामुळे तिचे वेटोळे मोडले होते. मग दोन्ही खाचांना भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी लावलं. तेल किंवा ग्रीस इथे चालत नाही. ईपीडीएम उन्हाला भीत नाही, पण खनिज तेलात फुगतं आणि सैल पडतं. शटरच्या गाईडला जळकं ऑइल लावायची आपल्याकडची पद्धत म्हणूनच वाईट. ते ओघळून शेवटी रबरावरच येतं.

भाचा एका टोकाने रबर भरवत होता, मी दुसऱ्या टोकाने ओढत होतो. निम्म्यावर अडकलं. मी जोर लावला, तो म्हणाला, "मामा, थांबा, इकडे बारीक होतंय." खरंच, त्याच्या बाजूला रबर ताणून लचकलं होतं आणि त्याची नळी चपटली होती.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ओढून घातलेलं रबर ताणलेलं असतं. कापलं त्या क्षणी ते मापात बरोबर दिसतं, पण पुढचे काही तास, काही दिवस ते मूळ लांबीकडे परत सरकत राहतं, आणि दोन्ही टोकांनी आत जातं. गेल्या वर्षी फिटरने जोर लावून ओढलं आणि लगेच कडेला धरून कापलं. रबर चांगलं होतं, पाऊसही नेहमीचाच होता.

मग आम्ही ओढणं सोडलं. अजून थोडं साबणाचं पाणी, आणि भाच्याने भरवत राहायचं, मी फक्त दिशा द्यायची. पूर्ण गेल्यावर दोघांनी दोन टोकांकडून मधे हात फिरवत रबर सैल केलं. दोन्ही बाजूंना 3-3 इंच शेपूट तसंच लोंबत ठेवलं आणि दार रात्रभर ठोकळ्यांवर तसंच राहू दिलं. शेजारचे आप्पा संध्याकाळी फिरायला निघाले, ते थांबून म्हणाले, "कापायचं विसरलात का हो?"

मोटर लावताना आणखी एक गोष्ट निघते. नवं रबर जुन्यापेक्षा जाड असतं, त्यामुळे दार फरशीला आधीच टेकतं, मोटरला वाटतं खाली काहीतरी आलंय आणि दार परत वर जातं. मोटर बिघडलेली नसते. बंद होण्याची मर्यादा थोडी वर सरकवावी लागते. हे मोटरच्या डब्यावरच्या बटणाने होतं, पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यानंतर वर्तमानपत्राची पट्टी पुन्हा फिरवायची.

देखभाल फार नाही. मृगाच्या आधी एकदा आणि खंडेनवमीला अवजारं-गाड्या पुसतो तेव्हा एकदा, साबणाच्या पाण्याने रबर पुसायचं, वाळवायचं आणि सिलिकॉनचा स्प्रे मारायचा. फरशीवरचे खडे झाडायचे, कारण एक खडा रबराखाली महिनाभर राहिला की त्याच्या मापाचा खळगा पडतो. रॉकेल, डिझेल लावायचं नाही. चिरा दिसतात का हे बघायला रबर अंगठ्यांनी थोडं ताणून बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी टेप घेऊन गेलो. एका बाजूची शेपटी 3 इंचांची सव्वादोन झाली होती, दुसऱ्या बाजूची जेमतेम दोन. भाच्याला उठवून दाखवलं, आणि मग कटर काढला.